बाळंतविड्यातील दुपटे

घरात बाळ जन्माला आले की आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी बाळ-बाळंतिणीसाठी बाळंतविडा घेऊन येतात. त्यात झबले असते, टोपडे असते, कुंची असते, बाळाच्या आईसाठी लुगडे किंवा खण असतो. या साऱ्या वस्तूंत बाळाच्या अंगाशी सर्वांत जास्त वेळ राहते ते दुपटे. मूळचे दुपटे म्हणजे दोन पदरी, दुहेरी कापडाचे पांघरूण. आईच्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याचे शिवलेले दुपटे तुम्ही पाहिले असेल. कित्येक घरी मात्र ते सुती दोऱ्याने क्रोशाच्या सुईवर विणलेले असते. त्यावर रंगीत पट्टे असतात आणि बोटांना जाणवणारी उठावदार नक्षी असते. असे दुपटे कसे तयार होते, त्यात कोणते गणित आणि कोणते शास्त्र दडलेले असते, हे आज आपण पाहू.

मला ही विद्या पुस्तकातून मिळाली नाही. मी सातवीत शिकत होतो. आमचे घर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात होते. पहिल्या बाळंतपणासाठी माझी थोरली बहीण माहेरी आली. त्या काळी यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद रुळांवरून कोळशाच्या इंजिनाची छोटी गाडी धावत असे. तिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग घातला गेला तो मुख्यतः आमच्या भागातील कापूस बाहेर नेण्यासाठी. तेथून तो मुंबईला आणि पुढे जहाजांतून विलायतेच्या गिरण्यांकडे जाई. आता ती गाडी बंद झाली आहे. पण त्या दिवशी तिच्यातून उतरणाऱ्या ताईची ट्रंक मीच डोक्यावर घेतली होती, हे मला चांगले आठवते. त्याच रात्री आईने फडताळातून क्रोशाची सुई काढली.

आधी साहित्याचा विचार करू. दुपट्यासाठी पाच रंगांचा मध्यम जाडीचा सुती दोरा आणि ४ मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई लागते. लोकर अधिक ऊबदार असते हे खरे. परंतु आमच्या जिल्ह्यात उन्हाळा कडक असतो आणि लहान बाळाची त्वचा फार नाजूक असते. सुताला घाम टिपता येतो, ते टोचत नाही आणि वारंवार धुतले तरी टिकते. शिवाय यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. काळ्या मातीत ज्याची बोंडे फुटतात, तोच कापूस धाग्याच्या रूपाने आपल्या हाती परत येतो, यातही एक समाधान असते. आईने पांढरा, हळदी, पोपटी, आकाशी आणि डाळिंबी असे रंग निवडले. प्रत्येक रंगाचा तुकडा तिने प्रथम ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवला. रंग फडक्याला लागला तर तो दोरा दुपट्याला वापरायचा नाही, कारण बाळ हाती लागेल ते तोंडात घालते.

क्रोशाची सुई शिवणाच्या सुईसारखी नसते. तिला नाके नसते. टोकाशी एक बारीक आकडा असतो. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच ‘लहान आकडा’ असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विणकाम युरोपात घरोघर पसरले. १८४५ पासून आयर्लंड देशात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला, तेव्हा तेथील अनेक कुटुंबांनी क्रोशाच्या जाळीदार पट्ट्या विणून पोट भरले. मिशनरी स्त्रियांबरोबर ही कला हिंदुस्थानातही आली. आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव आजही क्रोशाच्या लेसेसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रात लग्नातील रुखवतात क्रोशाचे रुमाल आणि तोरणे मांडण्याची रीत रुळली. एक नवल पाहा : कापड विणणारी यंत्रे निघाली, स्वेटर विणणारी यंत्रे निघाली, परंतु खरे क्रोशाचे काम अजूनही माणसाच्या हातालाच करावे लागते.

हे काम शिकायला अवघड नाही. त्यातील मूळ टाके तीनच आहेत. पहिली साखळी. दोऱ्याच्या टोकाशी सरकगाठ मारून ती सुईवर चढवायची. मग दोऱ्याचा वेढा आकड्यात धरून त्या फासातून ओढून घ्यायचा. झाली एक साखळी. दुसरा टाका मुका खांब. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा वर ओढला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा वेढा घेऊन तो दोन्हींतून एकदम ओढला की मुका खांब तयार झाला. तो ठेंगणा आणि घट्ट असतो. तिसरा टाका खांब. येथे सुई खाली घालण्यापूर्वीच तिच्यावर एक वेढा घ्यायचा असतो. दोरा वर ओढल्यावर सुईवर तीन फास होतात. वेढा घेऊन दोघांतून ओढायचे आणि पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोघांतून ओढायचे. हा टाका मुक्या खांबापेक्षा उंच उभा राहतो. दोन सुयांच्या विणकामात सुईवर शंभर-दीडशे टाके एकाच वेळी उघडे असतात. क्रोशाच्या कामात मात्र प्रत्येक टाका पुरा झाल्यावर एकच फास उरतो. त्यामुळे काम कोठेही थांबवता येते, आणि चुकले तर दोरा नुसता ओढला की वीण उसवते. हा गुण पुढे माझ्या फार उपयोगी पडला.

आता गणित. दुपटे ७५ सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद करावयाचे आहे असे समजा. आधी हातभर दुपटे न विणता तळहाताएवढा नमुना विणावा आणि १० सेंटिमीटरांत किती टाके व किती ओळी बसतात ते पट्टीने मोजावे. प्रत्येकाचा हात निराळा असतो. कोणी दोरा ताणून धरतो, कोणी सैल सोडतो. आईच्या हाताने १० सेंटिमीटरांत १६ खांब आणि ८ ओळी बसत. म्हणजे ७५ सेंटिमीटरांसाठी १२० खांब आणि ६० ओळी झाल्या. एकूण ७,२०० टाके! आरंभी मात्र १२० नव्हे, तर १२२ साखळ्या घालाव्या लागतात. पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घालतात. सोडलेल्या तीन साखळ्या मिळून एक खांब मोजायचा आणि उरलेल्या ११९ साखळ्यांत ११९ खांब घालायचे. बेरीज बरोबर १२० येते. दोरा किती लागेल हेही नमुन्यावरून काढता येते. दहा सेंटिमीटर चौरस तुकडा ७ ग्रॅम भरला, तर ५,६२५ चौरस सेंटिमीटरांचे दुपटे सुमारे ३९४ ग्रॅम भरेल. उठावाच्या नक्षीला दोरा अधिक लागतो, म्हणून आईने अर्धा किलो आणला.

साठ ओळींचे सहा-सहा ओळींचे दहा पट्टे होतात. पाच रंग त्याच क्रमाने दोन वेळा आले की दहा पट्टे भरतात. आईने एक पट्टा साधा आणि एक नक्षीचा अशी आखणी केली होती. पाच ही विषम संख्या असल्यामुळे एक गंमत झाली. पांढरा रंग पहिल्या पट्ट्यात साधा आला आणि सहाव्या पट्ट्यात नक्षीचा. हळदी दुसऱ्या पट्ट्यात नक्षीचा आणि सातव्यात साधा. अशा रीतीने प्रत्येक रंग एकदा साधा आणि एकदा नटलेला दिसला. रंग बदलण्याचीही युक्ती आहे. ओळीतील शेवटच्या खांबाचे दोन फास सुईवर उरले असताना जुना दोरा सोडून नव्या रंगाचा दोरा त्यांतून ओढायचा. तसे केले की पट्ट्याची कड स्वच्छ येते. एक रंग दुसऱ्यात शिरत नाही.

नक्षीच्या पट्ट्यांत आईने तीन प्रकार योजले होते. पहिला दाणेदार. यात एक मुका खांब, एक उंच खांब असे आळीपाळीने घालतात आणि पुढच्या ओळीत मुक्यावर उंच व उंचावर मुका घालतात. वीण ज्वारीच्या कणसासारखी दाट दिसते. दुसरा सरीवरंब्याचा. येथे सुई खालच्या टाक्याच्या माथ्यात घालत नाहीत, तर त्या खांबाच्या अंगाभोवती घालतात. समोरून घातली तर नवा खांब पुढे येतो, मागून घातली तर मागे सरतो. एक पुढे, एक मागे असे करत गेल्यास नांगरलेल्या शेतासारख्या उभ्या सऱ्या उमटतात. या प्रकारात वीण थोडी आखडते, म्हणून हात सैल ठेवावा लागतो.

तिसरा प्रकार लाहीचा, आणि तो मला सर्वांत आवडला. एकाच टाक्यात पाच खांब घालायचे. सुई फासातून काढून त्या पाचांपैकी पहिल्याच्या माथ्यात घालायची आणि मोकळा फास त्यातून ओढून घ्यायचा. पाचही खांब एकत्र येऊन तडतडलेल्या लाहीसारखे फुगून वर येतात. दोन खांब, एक लाही, पुन्हा एक खांब हा चार टाक्यांचा गट १२० टाक्यांत तीस वेळा बसतो आणि दोन्ही कडा साध्या राहतात. या एका ओळीत ३० लाह्यांसाठी १५० आणि मधल्या जागी ९०, असे २४० खांब घालावे लागतात. म्हणजे साध्या ओळीच्या दुप्पट! लाही नेहमी दुपट्याच्या दर्शनी बाजूला काढतात, म्हणजे बाळाच्या अंगाशी येणारी बाजू सपाट राहते.

पहिले दोन पट्टे आईने विणले. मी जवळ बसून पाहत असे आणि दोऱ्याचा गुंडा सोडवून देत असे. तिसरा, पोपटी पट्टा साधा होता. मी हट्ट धरला, तेव्हा तिने सुई माझ्या हाती दिली आणि बजावले, ‘‘प्रत्येक ओळ संपली की टाके मोज.’’ मी चार संध्याकाळी विणत होतो. हात चालू लागला होता, वेग आला होता, आणि मोजणे मला कंटाळवाणे वाटत होते. सहा ओळी झाल्यावर सहज मोजले तर टाके ११४ च भरले!

चूक कोठे झाली होती ते ऐका. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटे फिरवतात, आणि त्या तीन साखळ्या पुढील ओळीचा पहिला खांब मानतात. परतताना शेवटचा खांब या साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा असतो. नवशिक्याला तो टाका दिसत नाही. मी प्रत्येक ओळीत तो गाळला होता; सहा ओळींत सहा टाके गेले आणि कड तिरपी झाली. आईला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. चौथ्या पट्ट्याच्या पहिल्या ओळीत मध्यभागी सहा ठिकाणी एकाच घरात दोन-दोन खांब घालून मी आकडा पुन्हा १२० वर आणला. संख्या जुळली. पण ज्या जागी टाके वाढवले होते, तेथे वीण फुगून तिला चुण्या पडल्या.

आईने दुपटे हातात घेतले, कडेवरून बोट फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘‘बाळाला काय कळणार आहे त्यातलं?’’ ती रागावली नाही. म्हणाली, ‘‘बाळाला नाही कळणार. पण तुला कळलं होतं, म्हणूनच तू ते झाकलंस ना?’’ मग तिने सुई काढून घेतली आणि दोऱ्याचे टोक माझ्या हातात दिले. ताईचे दिवस भरत आले होते, वेळ थोडा होता. तरीही मी ओढत गेलो आणि चार संध्याकाळचे काम पाहता पाहता नाहीसे झाले. नंतर मी हिशेब केला : एकूण ८१९ टाके उसवले होते. दोरा मात्र वाया गेला नाही. त्याला पडलेल्या वळ्या आईने ओलसर हाताने सरळ केल्या, गुंडा पुन्हा बांधला, आणि तोच दोरा घेऊन मी तेराव्या ओळीपासून पुन्हा आरंभ केला. या खेपेला प्रत्येक ओळ मोजली.

टाके वाढले की वीण फुगते, हा माझ्या दुपट्यातील दोष होता. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचले की, एका विदुषीने याच गोष्टीचा शोधासाठी उपयोग केला. दाइना ताइमिन्या या मूळच्या लाटव्हिया देशातील गणितज्ञ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होत्या. भूमितीत काही वक्र पृष्ठे अशी आहेत की ती कागदावर नीट दाखवता येत नाहीत. १९९७ मध्ये त्यांनी क्रोशाची सुई घेतली आणि प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले. वीण कोबीच्या पानासारखी वळत आणि मुरडत गेली, आणि त्या पृष्ठाचा नमुना विद्यार्थ्यांना हातात धरता येऊ लागला. माझ्या चुण्यांत आणि त्यांच्या चुण्यांत फरक एवढाच की, त्यांचे टाके मोजलेले होते आणि माझे लपवलेले.

आता उबेचा विचार करू. नवजात बाळ थंडीने लवकर गारठते. त्याचे वजन थोडे आणि त्या मानाने अंगाचे क्षेत्रफळ जास्त असते. शिवाय कातडीखाली चरबीचा थर पातळ असतो. म्हणून त्याच्या शरीरातील उष्णता झटकन निघून जाते. दुपटे स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ते बाळाची उष्णता धरून ठेवते. तेही दोऱ्यापेक्षा दोऱ्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे अधिक, कारण स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. लाह्यांच्या पोकळीत, सरीवरंब्याच्या खाचांत अशी हवा साठून राहते. गोधडीच्या थरांत तेच घडते. सारांश, उठावाची नक्षी केवळ शोभेची नाही. ती कामाचीही आहे.

परंतु बाळासाठी विणताना काही पथ्ये पाळावीच लागतात. मोठ्या छिद्रांची जाळी घालू नये. त्यात बाळाची इवली बोटे अडकतात. मणी, गुंड्या, गोंडे, लांब झालर लावू नये. रंग बदलताना सुटलेली टोके बोथट सुईत ओवून विणीच्या पाठीमागून एकदा पुढे व एकदा मागे अशी घट्ट गुंफावी. दुपटे तयार झाल्यावर धुऊन सावलीत पसरून वाळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ सैल पांघरूण कधीही ठेवू नये. त्याने श्वास कोंडतो. मांडीवर, कडेवर, जागेपणी बाळाला लपेटून घेण्यासाठी ते वापरावे.

एकेकाचे लहान काम एकत्र आले तर काय होते, याचेही उदाहरण आपल्या देशात आहे. जानेवारी २०१६ मध्ये चेन्नई येथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातील स्त्रियांनी घरोघर विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरांचे पांघरूण केले, आणि ते जगातील सर्वांत मोठे क्रोशाचे पांघरूण ठरले. पुढे ही पांघरुणे गरजूंना वाटण्यात आली. त्या विस्तारातही प्रत्येक टाका कोणीतरी एकेकटीनेच घातलेला होता.

आमच्या शेजारच्या वर्धा शहरी ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली एक शिक्षण परिषद भरली होती. हाताला काम देऊन त्या कामातूनच गणित, विज्ञान आणि इतर विषय शिकवावेत, हा विचार तेथे मांडला गेला. त्यालाच ‘नई तालीम’ म्हणतात. मी पुढे आयुष्यभर शाळेत शिकवले. त्या विचाराचा अर्थ मला मात्र आईच्या शेजारी, त्या पोपटी पट्ट्यावरच कळला होता. भागाकार, क्षेत्रफळ, सम-विषम संख्या, उष्णतेचे वहन ही सारी प्रकरणे एका दुपट्यात होती. आणि ज्याला प्रकरण म्हणता येत नाही असे काही त्यात होते, तेही मी तेथेच शिकलो.

ताईला मुलगी झाली. बाराव्या दिवशी तिला पाळण्यात घातले, तेव्हा दुपटे नुकतेच पुरे झाले होते. पाहुण्या बायका लाह्यांवरून हात फिरवून आईचे कौतुक करीत होत्या. पोपटी पट्ट्याकडे कोणाचेही विशेष लक्ष गेले नाही. तो साधाच होता. त्याची कड सरळ होती, एवढेच.


स्वाध्याय

१. बाळाच्या दुपट्यासाठी लेखकाच्या आईने सुती दोरा का निवडला असावा?
२. मुका खांब आणि खांब यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
३. प्रत्येक रंग एकदा साधा आणि एकदा नक्षीचा का आला? रंग सहा असते तर काय झाले असते?
४. उठावाच्या नक्षीमुळे दुपटे अधिक ऊबदार कसे होते?
५. ‘माझ्या चुण्यांत आणि त्यांच्या चुण्यांत फरक एवढाच की, त्यांचे टाके मोजलेले होते आणि माझे लपवलेले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. तुमच्या घरातील एखादी हाताने केलेली वस्तू पाहा. ती करणाऱ्या व्यक्तीला विचारून तिची कृती दहा-बारा ओळींत लिहा.